तेरेखोलपलीकडचा शेजार

(शालेय सहलींचा हंगाम सुरू होण्यापूर्वी शिक्षक व पालकांचा एक मेळावा झाला. त्यात फोंडे महालातील एका ज्येष्ठ शिक्षकांनी केलेले हे भाषण. – संपादक)



दिवाळी सरली की आपल्या शाळाशाळांतून एकच प्रश्न उभा राहतो, यंदा सहल कोठे न्यायची? उत्तर बहुतेक ठरलेले असते. मोठ्या मुलांना म्हैसूर, बंगळूर किंवा महाबळेश्वर, आणि लहानग्यांना पाण्याच्या घसरगुंड्या असलेले एखादे उद्यान. मुले रात्रभर बसमध्ये गाणी म्हणतात, दुसऱ्या दिवशी झोपेत राजवाडा पाहतात आणि फोटो घेऊन घरी येतात. या सहली वाईट असतात असे मला म्हणावयाचे नाही. परंतु नववीच्या वर्गात विचारून पाहा. वृंदावन बागेतली कारंजी पाहिलेली मुले पुष्कळ निघतील आणि वेंगुर्ले पाहिलेली फार थोडी. पत्रादेवीचा नाका ओलांडला की जो मुलूख सुरू होतो, त्याचे नाव मुलांना ठाऊक असते ते रेल्वेच्या वेळापत्रकावरून.

आपण देवस्थानांच्या परिसरात राहणारी माणसे आहोत. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या ठिकाणी वर्षभर कोण येते ते आपण रोज पाहतो. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी भागातली कितीतरी कुळावी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या येथे येतात, अग्रशाळेत उतरतात, अभिषेक करतात, पुढच्या वर्षीचा बेत सांगून परत जातात. त्यांना आपल्या वाटा पाठ आहेत. आपल्याकडे भेटीला परतभेट देण्याची रीत आहे. मग या शेजाऱ्यांकडे आपण परतभेटीला कधी जाणार? आज मला बोलावयाचे आहे ते या परतभेटीविषयी.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. 1997 साली त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले, आणि असा मान मिळालेला तो देशातला पहिला जिल्हा. 1998 पासून कोकण रेल्वे तेथून धावते, आणि 2021 पासून चिपीला विमानतळही आहे. तरीसुद्धा आपल्या कळंगुट-बागेची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हा किनारा अजून निवांतच वाटेल. सारा जिल्हा एका सहलीत पाहता येणार नाही. विजयदुर्ग, कुणकेश्वर, देवगड हे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा. मी फक्त तेरेखोलपासून मालवणपर्यंतच्या पट्ट्याविषयी बोलतो. दोन रात्रींत तो नीट पाहून होतो.

नदी ओलांडताना

सहलीचा पहिला पाठ बसमध्ये बसण्यापूर्वी, वर्गातल्या नकाशावर द्यावा. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा असे आपण शिकवितो. मग मुलांना विचारा की तेरेखोलचा किल्ला नदीच्या कोणत्या तीरावर आहे? तो आहे उत्तर तीरावर, आणि तरीही गोव्यात! असे का, हे शोधायला लावले की इतिहास आपोआप सुरू होतो. हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 साली तो पोर्तुगिजांनी घेतला, आणि तेव्हापासून नदीपलीकडचा हा तुकडा गोव्याला चिकटला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला होता. पुढे किल्ल्याचे हॉटेल झाले, पण त्याच्या बुरुजाजवळून दिसणारे नदीचे मुख आणि केरीची रेती पाहिली की नकाशातली रेघ मुलांच्या मनात पक्की बसते.

बस मात्र किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून न्यावी. पलीकडे प्रथम लागते रेडी. ज्या मुलांनी डिचोली-सांग्याकडची खाण पाहिली आहे, त्यांना येथली तांबडी माती ओळखीची वाटेल, कारण येथेही लोहखनिज काढले गेले. 1976 साली खाणीच्या जागेतच द्विभुज गणपतीची मोठी मूर्ती सापडली, आणि आज तेथे दर्शनाला रांग लागते. परंतु रेडीचे खरे वय त्याहून कितीतरी मोठे. बदामीच्या चालुक्यांच्या काळात रेवतीद्वीप नावाचे ठाणे या किनाऱ्यावर होते. मंगलेशाने ते जिंकल्याचा उल्लेख ऐहोळच्या शिलालेखात आहे, आणि शके 532 च्या, म्हणजे इसवी सन 610-11 च्या ताम्रपटात तेथील अधिकाऱ्याचे नाव येते. हे रेवतीद्वीप म्हणजेच आजची रेडी, असे पुष्कळ संशोधक मानतात. हा ताम्रपट इतिहासात गोव्याचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो, हेही मुलांना सांगावे. चौदाशे वर्षांपूर्वी या दोन्ही तीरांचा कारभार एकाच ठाण्यावरून चालत असावा, असे त्यावरून दिसते. खाडीच्या तोंडाशी यशवंतगडाचे अवशेष आहेत. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेल्या त्या भिंती पाहण्यात अर्धा तास जावा.

शिरोड्याचे मास्तर

रेडीनंतर शिरोडे. आपले फोंडे तालुक्यातले शिरोडे ते वेगळे. नावाच्या या सारखेपणाचीही मुलांना गंमत वाटेल. या शिरोड्याला मी तीर्थक्षेत्र मानतो, आणि येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाने ते तसे मानावे. वि. स. खांडेकर 1920 साली या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत तेथे राहिले. शहरातली नोकरी मिळविण्याची योग्यता असलेला तरुण ऐन उमेदीची अठरा वर्षे एका खेडेगावच्या शाळेला देतो, मुलांना शिकवितो, शाळा उभी करण्यासाठी झिजतो, आणि रात्री दिव्याजवळ बसून कथा-कादंबऱ्या लिहितो. मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले ते 1974 साली, याच मास्तरांच्या ‘ययाती’ला. ‘ययाती’ प्रसिद्ध झाली 1959 साली, म्हणजे शिरोडे सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी. पण माणसांच्या दुःखाकडे पाहण्याची त्यांची नजर तयार झाली ती या गावात.

शिरोड्याची मिठागरे अवश्य दाखवावीत. मे 1930 मध्ये येथे मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीचे नाव मुलांना पाठ असते, पण असाच सत्याग्रह आपल्या गावापासून काही तासांच्या वाटेवर झाला हे ठाऊक नसते. आपल्या पेडण्यातल्या आगरवाड्याचे नाव कशावरून पडले, आगर म्हणजे काय, खाडीचे पाणी खणात अडवून उन्हात मीठ कसे धरतात, हे सारे तेथे उभे राहून सांगितले तर विज्ञान, इतिहास आणि भाषा यांचे तीन तास एकाच जागी होतात.

शेजारीच आरवली. तेथल्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावची फेरी घालतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. आपल्या गोव्यातल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. गावाचा राखणदार त्याला ठाऊक असतो. त्याने मनात म्हणावे, ‘हा तर आमच्याकडच्यासारखाच!’ हे एक वाक्य मुलाच्या तोंडून आले की सहलीचा निम्मा खर्च वसूल झाला असे समजावे. जयवंत दळवींच्या लिखाणातले गावही हेच. त्यांचे एखादे प्रकरण आधी वर्गात वाचून दाखविले तर देवळासमोरची माणसे मुलांना पूर्वीच्या ओळखीची वाटतील.

वेंगुर्ले : बंदर, काजू आणि कवी

पहिला मुक्काम वेंगुर्ल्यास करावा. येथे 1637 साली डचांनी वखार घातली. गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना अन्नपाणी पुरत असे ते येथून. म्हणजे पणजीच्या खाडीत जे घडत होते, त्याचा दुसरा धागा वेंगुर्ल्यात होता. वखारीच्या पडक्या भिंती अजून पाहता येतात. मुलांना सांगावे की इतिहासाच्या पुस्तकात ‘डच’ हा शब्द एका ओळीत येतो आणि जातो, तो येथे दगडमातीचा आहे.

शेतीकडे कल असलेल्या मुलांसाठी 1957 पासून चाललेले फळसंशोधन केंद्र आहे. पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आलेला काजू आपण हुर्राकासाठी आणि बियांसाठी ओळखतो. त्याच काजूची निवड आणि संकर करून ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती या केंद्राने तयार केल्या आणि त्या कोकणभर लागल्या. निलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली आलेला ‘रत्ना’ आंबाही येथल्याच कामाचे फळ. कलम कसे बांधतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातली आकृती पुन्हा समजावून द्यावी लागत नाही. आधी पत्र पाठवून परवानगी मात्र घ्यावी.

आणखी एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. मंगेश पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा, 10 मार्च 1929 चा. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, यांचा जन्म वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतला, 8 मार्च 1930 चा. एक वर्षाच्या आत, एकाच गावाच्या परिसरात दोन कवी जन्मले, आणि दोघांचा स्वभाव इतका वेगळा! एकाच्या शब्दांत ऊन, तर दुसऱ्याच्या शब्दांत तिन्हीसांजेचा काळोख. हे दोन्ही या किनाऱ्यावर आहेत, सकाळी बंदरावर आणि संध्याकाळी माडांखाली.

जवळच्या वायंगणी किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात आणि गावकरी ती घरटी राखतात. आपल्या मोरजीला हेच कासव येते. दिव्यांच्या झगमगाटात त्याला किनारा ओळखणे किती अवघड होते, हे मोरजीकरांना विचारावे.

रात्रीचा देखावा

तुळशीचे लग्न झाले की या भागात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की दशावतार. शक्य असेल तर सहलीची तारीख जत्रा पाहून ठरवावी. पेडण्याच्या मुलांना दहीकाला ठाऊक आहे, पण आमच्या फोंडे भागातल्या कित्येकांनी तो पाहिलेला नसतो. आधी गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, संकासुर हसवून जातो, आणि मग आख्यानाला रंग चढतो. लिहिलेले संवाद नसतात. नटांनी कथा ठरवून घ्यायची आणि बाकी सारे रंगमंचावर सुचेल तसे बोलायचे. बरेचसे नट दिवसा शेतकरी किंवा कामकरी असतात, आणि रात्री तोच माणूस पेटाऱ्यातला मुकुट चढवून राजा होऊन शुद्ध, भारदस्त मराठीत बोलतो. वर्गात चार वाक्ये बोलताना अडखळणाऱ्या मुलाने हे पाहावे, असे मला फार वाटते.

परतीच्या वाटेवर कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात. तेथली गंजिफा जरूर पाहावी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने हाताने रंगविलेली असतात. रात्री जे अवतार रंगमंचावर पाहिले, तेच सकाळी तळहातावर मावतात.

मालवणचे पाणी

वेंगुर्ल्याहून परुळे, नेरूरपार अशा वाटेने मालवणास जाताना धामापूरचा तलाव लागतो. 1530 साली बांधलेला हा तलाव आजही शेतीला पाणी देतो. 2020 साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचे देऊळ, मागे डोंगरातली राई. आपल्या देवळांच्या तळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना देव, पाणी आणि शेत यांचे हे नाते नव्याने सांगावे लागू नये, पण सांगावे. कारण आपल्याही कित्येक तळ्या गाळाने भरत आल्या आहेत.

सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यातच बोलतो. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी या किल्ल्याचा पाया घातला, आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचा विस्तार, नागमोडी तट, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दिसू नये असा दरवाजा. आत राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. पण मुलांना सर्वांत जास्त वेळ उभे करावे ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. ते का गोडे राहते, पावसाचे पाणी खडकात कसे साठते, आणि पाण्याची सोय आधी पाहिल्याखेरीज किल्ला का बांधत नाहीत, हे विचारावे. उत्तर लगेच सांगू नये. 1765 साली इंग्रजांनी हा किल्ला काही काळ घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले. ते नाव आज कोणाच्या तोंडी नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत हा किल्ला आहे. पावसाळ्यात किल्ल्याकडे होड्या जात नाहीत, म्हणून ही सहल दिवाळीनंतरच योग्य.

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. 1987 साली येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. परंतु याच पाण्यावर गावेच्या गावे जगतात, म्हणून अभयारण्य आणि मासेमार यांचा वादही जुना आहे. किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर बस थांबवावी. ती एकट्याने ओढता येत नाही. सारा वाडा दोरीला लागतो आणि मासळीचे वाटे पडतात. आपल्याकडे सत्तरच्या दशकात रांपणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा दिला आणि 1980 साली मासेमारीचा कायदा झाला. महाराष्ट्राचा तसा कायदा 1981 चा. एकाच समुद्राने दोन्ही तीरांवर एकच प्रश्न विचारला होता.

पाहुणा कसा असावा

आता जे सांगावयाचे म्हणून मी उभा राहिलो, त्याकडे येतो. माझे एक मित्र म्हणतात, ‘मास्तर, तुम्ही या जागा लोकांना सांगू नका. आज शाळेची बस जाईल, उद्या दुसऱ्या बसेस जातील, आणि परवा तिथेही आपल्यासारखे होईल.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या किनाऱ्याचे काय झाले ते आपण पाहिले आहे. माडांची बागायत विकली गेली, ओढे बुजले, आणि ज्या गावाचे नाव जगभर झाले त्या गावचा मुलगा आपल्याच किनाऱ्यावर परका झाला. आता नदीच्या अलीकडे मोप आणि पलीकडे चिपी, असे दोन विमानतळ आहेत. गर्दी नदी ओलांडणार नाही असे कोण म्हणेल?

पण माझ्या मते न सांगितल्याने जागा वाचत नाही. सांगणारे दुसरे पुष्कळ आहेत, आणि ते फक्त वाळू आणि दारू एवढेच सांगतात. जागा वाचते ती तेथे जाणारा माणूस कोणत्या नात्याने जातो त्यावर. आपण देवळाच्या गावची माणसे यजमानपण जाणतो. बसमधून उतरून सभामंडपात चपलांसह शिरणारा, दीपस्तंभाला टेकून फोटो काढणारा आणि तळीत बाटली टाकून जाणारा प्रवासी पाहिला की आपल्याला काय वाटते? आणि अंगणात पाय धुऊन, ‘भटजीकाका, यंदा पाऊस कसा झाला?’ असे विचारणारा कुळावी आला की काय वाटते? दोघेही बाहेरगावचेच, आणि दोघेही दोन दिवसांत परत जाणारे. फरक आहे तो नात्याचा. आपण नदीपलीकडे जाऊ तेव्हा यांपैकी कोण व्हायचे, हे आपल्या हाती आहे.

म्हणून काही साध्या सूचना करतो. मोठ्या हॉटेलऐवजी घरगुती निवास-न्याहारीच्या जागी उतरावे, म्हणजे पैसा त्या घरात राहील. मुलांनी तेथले घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचे सांबारे, सोलकढी खावी. पिशवीतून नेलेले वेफर्स नकोत. मालवणचे खाजे घ्यावे आणि आपल्या जत्रेतल्या खाज्याशी त्याची चव ताडून पाहावी. देवळात, रापणीवर, कलावंतांच्या घरी शिरण्यापूर्वी विचारावे. नेलेला कचरा परत आणावा. ज्यांनी प्रशिक्षण महाविद्यालयात हर्बार्टची पंचपदी घोकली आहे, त्यांना मी पूर्वतयारी आणि उपयोजन यांची आठवण करून देतो. आपल्या सहलीत मधली पायरीच तेवढी असते, पहिली आणि शेवटची गळते. जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एक प्रश्न लिहून घ्यावा आणि परतल्यावर त्याचे उत्तर वर्गात सांगावे. तेथे ऐकलेले मालवणी शब्द वहीत उतरावेत आणि आजीला विचारावे, हा शब्द आपल्या घरात कसा म्हणतात? पुष्कळ शब्द तसेच्या तसे निघतील.

आणखी एक करता येईल. तेथल्या एखाद्या शाळेला आधी पत्र लिहावे, दोन तास त्यांच्या मुलांबरोबर घालवावेत, आणि पुढच्या वर्षी त्यांना इकडे बोलवावे. त्यांना मंगेशीचा दीपस्तंभ, म्हार्दोळची समई आणि बोरीच्या पुलाखालची जुवारी आपल्या मुलांनी दाखवावी. दाखविणाऱ्या मुलाला आपले गाव पहिल्यांदाच नीट दिसते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. असे झाले तर शाळेची सहल ही वर्षातून एकदा फुटणारा फटाका राहणार नाही. दोन तीरांवरच्या मुलांची ओळख होईल, आणि ओळखीच्या घरात कोणी घाण करीत नाही.

खर्चाचा प्रश्न पालक विचारतील, आणि तो त्यांनी विचारावाच. म्हैसूरच्या निम्म्याहून कमी प्रवासात हे सारे होते. रात्रीचा प्रवास नाही, म्हणून मुले जागी असतात. जागे मूल जे पाहते ते विसरत नाही.

यंदा निदान एका तरी शाळेने बसचे तोंड उत्तरेकडे वळवावे, एवढीच विनंती.